टोकन द्यायच्या आधी

वाघोलीच्या चौकातून गाडी आत वळते आणि डांबर संपतं. दोन्ही बाजूंना पत्र्याची उंच कुंपणं, त्यांवर निळं आकाश आणि हसरी कुटुंबं छापलेली. आमच्या पुढे पाण्याचा टँकर चाललाय. मागच्या नळातून गळणारं पाणी धुळीत ओली रेघ ओढत जातंय. भाचा गाडी चालवतोय, शेजारी अण्णा, म्हणजे त्याचे सासरे. मागे मी आणि भाचसून. रविवारचे साडेअकरा वाजलेत. अण्णा काल रात्रीच बार्शीहून आलेत. एसटीत ड्रायव्हरची नोकरी पुरी केलेला हा माणूस निवृत्तीच्या पैशांतले पाच लाख लेकीच्या घराला देणार आहे, आणि त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून चेकबुकाची कड दिसतेय. भाच्याच्या बॅगेतही चेकबुक आहे. मला धास्ती आहे ती या दोन चेकबुकांची. सहकारी बँकेच्या कर्ज विभागात माझी नोकरी झाली. गृहकर्ज मागायला येणारी बहुतेक माणसं टोकन देऊन मगच आमच्या टेबलाशी पोहोचायची. करारनामा वाचून आलेली फार थोडी. म्हणून आज मी आग्रहाने बरोबर आले आहे.

फाटकावरचा रखवालदार वहीत नाव, फोन नंबर आणि बजेट लिहून घेतो. "कुठल्या चॅनल पार्टनरकडून आलात?" असंही विचारतो. सेल्स ऑफिस थंडगार आहे. मधोमध काचेखाली प्रकल्पाची प्रतिकृती, इवल्या खिडक्यांत दिवे, निळा तलाव, झाडांच्या रांगा. भिंतीवरच्या नकाशात शाळा, रुग्णालय, आयटी पार्क, विमानतळ आणि 'मेट्रो 5 मिनिटांवर'. आज मेट्रो रामवाडीपर्यंत धावते. तिथून वाघोली-विठ्ठलवाडीपर्यंतच्या विस्ताराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून 2025 मध्ये मंजुरी दिली आहे. मंजुरी आणि स्टेशन यांच्यातलं अंतर या नकाशात दिसत नाही. भाचसून खराडीला नोकरी करते. ती नकाशाकडे बघते आणि मला हळूच म्हणते, "मावशी, सकाळी नऊला मी या रस्त्याने एकदा तरी जाऊन बघायला हवं." मला बरं वाटतं. रविवारी अकरा वाजता नगर रस्ता मोकळाच असतो.

विशीतली एक मुलगी आमच्याकडे येते, हातात टॅब. बोलण्यावरून लातूरकडची वाटते. नम्र आहे, हुशार आहे. आधी चित्रफीत दाखवते, मग नमुना सदनिकेकडे नेते. ही सदनिका इमारतीत नाही. ऑफिसच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये उभी केली आहे.

आत शिरताच अण्णा चपला काढतात. मुलगी म्हणते, "काका, राहू द्या." ते काढतातच. बैठकीची खोली प्रशस्त दिसते. एक भिंत आरशाची, स्वयंपाकघर आणि बैठक यांच्यामध्ये भिंतीऐवजी काच, आणि आतल्या खोल्यांना दारंच नाहीत. भाचसून पर्समधून शिवणाचा टेप काढते. ती घरून ठरवून आली आहे. पलंग मापते: लांबी पाच फूट आठ इंच. भाचा पाच फूट दहा आहे. कपाटाची खोली मापते: सव्वा फूट. हँगरला लावलेला शर्ट त्यात सरळ राहायचा नाही. मग फ्रिजची जागा, मग वॉशिंग मशीनची. ती ड्राय बाल्कनीत उभी राहून दोन्ही हात पसरते आणि विचारते, "कपडे कुठे वाळत घालायचे?" मुलगी टॅबकडे बघते. भाचा छताकडे बोट करतो. इथे छत दहा फुटांवर आहे. माहितीपत्रकातल्या तक्त्यात नऊ फूट चार इंच लिहिलंय.

दारावर बारीक अक्षरांत पाटी आहे: आतलं फर्निचर, फिटिंग, सजावट केवळ कल्पना येण्यासाठी. रेरा या स्थावर मालमत्तेच्या कायद्याचं कलम 12 मात्र ग्राहकाच्या बाजूचं आहे. जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना सदनिका यांतल्या खोट्या माहितीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं, तर भरपाई बिल्डरने द्यायची. त्यासाठी माहितीपत्रक आणि जाहिरात जपून ठेवायला हवी. मी भाच्याला आतल्या प्रत्येक खोलीचे फोटो काढायला सांगते. पाटीचाही.

आता टेबल. चार खुर्च्या, सरबताचे ग्लास, आणि मुलगी एक कागद पुढे सरकवते. दोन बेडरूमची सदनिका, सतरावा मजला, 640 चौरस फूट रेरा कार्पेट. करारनाम्याची किंमत 64 लाख. त्यावर मुद्रांक शुल्क 7 टक्के, म्हणजे 4 लाख 48 हजार. नोंदणी फी 30 हजार. जीएसटी 5 टक्के, 3 लाख 20 हजार. बेरीज 71 लाख 98 हजार. "ऑल इन बहात्तर, सर," ती म्हणते. भाचा मान डोलावतो. बहात्तर हा आकडा आठवडाभर त्याच्या घरी घोळतोय.

मी त्याला विचारते, "तुमच्या हातात रोख किती आहे?"

"पंधरा, मावशी. अण्णांचे पाच धरून. बँक ऐंशी टक्के देते ना? म्हणजे वीस टक्के आपले. पावणेतेरा लाख. दोन लाख वर उरतात."

हा हिशेब मी माझ्या टेबलापलीकडून पुष्कळ वेळा ऐकलाय आणि प्रत्येक वेळी मला वाईट वाटलंय, कारण तो मन लावून केलेला असतो आणि तरी चुकलेला असतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 30 ते 75 लाखांच्या गृहकर्जात बँक मालमत्तेच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. पण त्या किमतीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी धरायची नसते. म्हणजे 64 लाखांचे 80 टक्के, 51 लाख 20 हजार, हे कर्ज झालं. जीएसटीबाबत बँकांचे हिशेब वेगवेगळे असतात. तोही घरूनच भरायचा धरला तर उरलेले 20 लाख 78 हजार यांना स्वतः उभे करावे लागतील. भाच्याचा पेन कागदावर थांबतो. मी मुलीला विचारते, "या बहात्तरमध्ये मेंटेनन्स आहे?"

"नाही मॅम. दोन वर्षांचा ॲडव्हान्स मेंटेनन्स, सोसायटी फॉर्मेशन आणि लीगल चार्जेस पझेशनच्या वेळी."

"अंदाजे?"

"सव्वादोन लाख."

म्हणजे तेवीस लाख. हातात पंधरा. यात पडदे, पंखे, गॅसची जोडणी, सामान हलवणं काहीच धरलेलं नाही. आठ लाखांची ही फट वैयक्तिक कर्जाने बुजवायची, असं इथे पलीकडच्या टेबलावर एक जण एका जोडप्याला समजावतोय. मला उठून तिकडे जावंसं वाटतं. गृहकर्जाच्या वर महाग दराचं वैयक्तिक कर्ज चढवून सुरू झालेले संसार मी पाहिलेत. त्यांच्यात पहिला आजार आला किंवा कुणाची नोकरी गेली की काय होतं, तेही पाहिलंय.

हप्त्याचंही मी तिथेच मांडून दाखवते. 51 लाख 20 हजार, दर 8 टक्के धरू, मुदत 20 वर्षं: महिन्याला सुमारे 42 हजार 800. पहिल्या हप्त्यातले 34 हजारांहून जास्त व्याजात जातात, मुद्दल कमी होतं फक्त 8 हजार 700 च्या आसपास. वीस वर्षांत बँकेला परत जाणार सुमारे 1 कोटी 3 लाख. भाचसून हे आकडे वहीत लिहून घेते. दोघांची मिळून हातात येणारी कमाई 1 लाख 15 हजार आहे, तेव्हा हप्ता झेपेल. पण सध्याच्या घराचं 21 हजार भाडं ताबा मिळेपर्यंत चालूच राहणार. बांधकाम जसं चढेल तसं बँक पैसे सोडते आणि सोडलेल्या रकमेवर व्याज लागतं. अर्धं कर्ज उचललं गेलं की महिन्याला 17 हजार व्याज आणि वर भाडं. बदलत्या दराचं गृहकर्ज लवकर फेडायला वैयक्तिक कर्जदाराला दंड लागत नाही, हे मी तिला सांगते तेव्हा तिचा चेहरा जरा सैल होतो. "दिवाळीचा बोनस मुद्दलात," ती वहीत लिहिते.

अण्णा इतका वेळ गप्प आहेत. आता ते खुर्ची पुढे ओढतात. "ताई," ते त्या मुलीला म्हणतात, "जमीन कुणाची?"

"काका, आमच्या ग्रुपचीच."

"सातबाऱ्यावर नाव कुणाचं? गट नंबर काय? इतर हक्कात काय लिहिलंय?"

तिला माहीत नाही. ती प्रामाणिकपणे तसं सांगते आणि मॅनेजरला बोलावते. अण्णा माझ्याकडे वळतात. "ताई, आम्ही एक म्हैस घेतली तरी कुणाच्या दावणीची ते विचारतो."

मॅनेजर येतो. कडक इस्त्री, कानात इअरफोन. जमीन तिघा भावांची आहे, त्यांच्याशी विकसन करार झालाय, वरच्या काही सदनिका त्यांच्या वाट्याच्या, असं तो उलगडून सांगतो. यात वावगं काही नाही. पुण्याच्या कडेने अशीच बांधकामं होतात. पण मग तो विकसन करार आणि कुलमुखत्यारपत्र नोंदवलेलं हवं, तिघांच्या बहिणींच्या सह्या किंवा हक्कसोड हवी, आणि आपली सदनिका बिल्डरच्या वाट्याची की मालकांच्या, हे करारात लिहिलेलं हवं. बहिणींचं नाव काढताच अण्णा जोराने मान हलवतात. त्यांच्या गावात याच कारणाने एक खरेदी कोर्टात अडकली आहे.

मी भाच्याला जाहिरातीवरचा क्यूआर कोड फोनने वाचायला सांगते. महारेराने, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाने, 1 ऑगस्ट 2023 पासून प्रत्येक जाहिरातीवर तो सक्तीचा केलाय. प्रकल्पाचं पान उघडतं. आम्ही चौघं त्या फोनवर वाकतो. माझ्या मते आजच्या दिवसातलं सगळ्यात मोलाचं काम या दहा मिनिटांत होतं, आणि त्याला एक पैसा लागत नाही.

पहिलं: माहितीपत्रकात ताबा डिसेंबर 2027. महारेराच्या पानावर प्रकल्प पूर्ण करण्याची तारीख 30 जून 2030.

"ती रेरा डेट सेफ्टीसाठी असते सर," मॅनेजर म्हणतो. "आम्ही त्याच्या खूप आधी देतो."

"करारनाम्यात कुठली तारीख टाकणार?" भाचसून विचारते.

"रेराचीच."

ती वहीवर गुणाकार करते. अडीच वर्षं, तीस महिने, 21 हजार भाडं: 6 लाख 30 हजार. कलम 18 प्रमाणे ताब्याला उशीर झाला तर खरेदीदाराला पैसे व्याजासह परत मागता येतात, किंवा घर ठेवून उशिराच्या दर महिन्याचं व्याज मागता येतं. पण उशीर मोजला जातो करारनाम्यातल्या तारखेपासून. माहितीपत्रकातल्या डिसेंबरवर कुणी विसंबलं तर त्या तीस महिन्यांचं भाडं त्याच्याच खिशातून जाणार.

दुसरं: बांधकाम सुरू करण्याचा दाखला, ज्याला इथे सगळे सीसी म्हणतात. तो पानावर चढवलेला आहे. भाचा तो मोठा करून वाचतो आणि वर बघतो. दाखला बाराव्या मजल्यापर्यंतचा आहे. आम्हाला दाखवताहेत तो सतरावा.

"टीडीआर लोड झाला की वरची सीसी येते," मॅनेजर म्हणतो. "सगळीकडे अशीच प्रोसेस असते."

टीडीआर म्हणजे दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क. प्रक्रिया तशी असते, हे खरं आहे. पण परवानगी येण्याआधी त्या मजल्याचे पैसे घ्यायचे, म्हणजे ती न येण्याची जोखीम ज्याच्याकडे सगळ्यात कमी पैसा आणि सगळ्यात कमी माहिती आहे त्याच्यावर टाकायची. वरळीच्या कॅम्पा कोला आवारात मंजुरीपेक्षा जास्त मजले चढले, आणि 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पाडण्याच्या बाजूने निकाल दिला तेव्हा तिथली कुटुंबं वर्षानुवर्षं त्या घरांत राहत होती. कल्याण-डोंबिवलीतल्या 65 इमारतींची गोष्ट तर आणखी जवळची. खोट्या परवानग्या जोडून त्यांनी रेराची नोंदणीही मिळवली होती. नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितलं. ती घरं घेणाऱ्यांनी कष्टाचे पैसे घातले होते, कर्जं काढली होती. त्यांच्याकडे रेराचा नंबर होता. म्हणून पानावरचा दाखला डाउनलोड करून, त्याचा क्रमांक घेऊन, ज्या कार्यालयाने तो दिला तिथे पडताळायला हवा. सुट्टीचा एक दिवस नव्हे, कामाचा अर्धा दिवस त्यासाठी ठेवायला हवा. मी हे बोलून दाखवते. मॅनेजर नाही म्हणत नाही. "जरूर करा मॅम. पण आजची ऑफर आजच आहे."

आजची ऑफर अशी: 51 हजारांचं टोकन आज दिलं तर किमतीत दीड लाखाची सूट आणि मॉड्युलर किचन. आज नाही दिलं तर उद्यापासून भाव वाढतोय. सतराव्या मजल्यावर हा एकच फ्लॅट उरलाय आणि पलीकडचं जोडपं तोच बघतंय. तो हे गोड आवाजात सांगतो आणि भाच्याचा हात बॅगेकडे जातो. मी ते बघते. भाचसून बघते. घर हातचं जाईल ही भीती खरी असते. भाड्याच्या घरांत तीनदा बिऱ्हाड हलवलेल्या या पोरांना तर ती फार जवळची आहे. मी त्याच्या दंडावर हात ठेवते आणि म्हणते, "आधी टोकनचा फॉर्म वाच."

तो मोठ्याने वाचतो. सातव्या ओळीत आहे: टोकन कोणत्याही कारणाने परत मिळणार नाही. महारेराचं नमुना वाटप पत्र वेगळं सांगतं. वाटप पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत नोंदणी रद्द केली तर कपात शून्य. 16 ते 30 दिवसांत किमतीच्या 1 टक्का, 60 दिवसांपर्यंत दीड, पुढे 2. आणि किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम नोंदणीकृत करारनाम्याशिवाय घेता येत नाही, असं कायद्याचं कलम 13 म्हणतं. मॅनेजर फॉर्म परत घेतो. "ते स्टँडर्ड फॉरमॅट आहे. तुमच्यासाठी बदलू." बदलता येतं, हे कळलं ते बरं झालं. पैसे भरण्याचा तक्ताही मी तिथेच मागते. राज्याच्या नमुना करारात जोत्यापर्यंत एकूण 45 टक्के, सगळे स्लॅब झाले की 70, आणि शेवटचे 5 टक्के भोगवटा पत्र आल्यावर ताब्याच्या वेळी. यांच्या तक्त्यात शेवटच्या ओळीत नुसतं 'ताबा' आहे, भोगवटा पत्राचा शब्द नाही. तो घालून घ्यावा लागेल. पार्किंगचंही तसंच. 'एक कार पार्किंग' एवढ्याने भागत नाही. क्रमांक, जागा, लांबी-रुंदी करारात हवी.

अण्णांना बांधकाम बघायचंय. पिवळी टोपी घालून आम्ही निघतो. खोदलेल्या खड्ड्याच्या कडेने सळ्यांचे भारे, सिमेंटची मिक्सर गाडी, कामगारांच्या पत्र्याच्या खोल्या, दोरीवर लहान मुलांचे कपडे. आमची इमारत अजून दुसऱ्या स्लॅबवर आहे. पलीकडे पहिल्या टप्प्याची इमारत उभी आहे आणि तिच्यात लोक राहताहेत. येताना पुढे असलेला तो टँकर तिच्याच टाकीला नळी लावून उभा आहे.

मी तिकडे वळते. मुलगी जरा अडखळते, पण अडवत नाही.

खाली बाकावर चाळिशीच्या एक बाई भाजी निवडत बसल्यात. भाचसून जवळ जाऊन विचारते, "काकू, राहायला कसं आहे इथे?"

"घर छान आहे गं," त्या म्हणतात. "हवा आहे, उजेड आहे. पाण्याचं बघ. रोज टँकर. पहिलं वर्ष बिल्डरने दिले, आता आमच्याकडून घेतात. मेंटेनन्स वेगळा आणि टँकर वेगळा. उन्हाळ्यात तर हिशेबच नाही."

"सोसायटी झाली?"

"नाही अजून. मागतोय. सगळे टॉवर झाले की करू म्हणतात."

नियम तसा नाही. महाराष्ट्रात 51 टक्के सदनिका नोंदवल्या गेल्या की तीन महिन्यांत बिल्डरने सोसायटी स्थापनेसाठी अर्ज करायचा असतो. सोसायटी नाही म्हणजे मेंटेनन्सच्या खर्चाचा हिशेब मागणारं कुणी नाही, आणि जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याचा पुढचा टप्पा तर लांबच. मी बाईंना हे सांगते. त्या भाजीची चाळणी बाजूला ठेवून नीट ऐकतात, माझा नंबर लिहून घेतात. आणखी दोघी येतात. लिफ्ट बंद पडते तेव्हा काय होतं, भिंतीला ओल कुठे आली, बिल्डरचा कोणता माणूस फोन उचलतो, सगळं सांगतात. नुसती तक्रारच करत नाहीत. मुलांना खेळायला जागा आहे, शेजार चांगला आहे, हेही सांगतात. ओलीचं ऐकून मी म्हणते, लेखी तक्रार द्या. बांधकामातला दोष ताब्यापासून 5 वर्षांत निघाला तर बिल्डरने 30 दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा, असं कलम 14 आहे. त्यांना ताबा मिळून दोनच वर्षं झालीत. सेल्स ऑफिसातल्या तासाभरात जे कळलं नाही ते इथे बाकावर कळतं. ज्याला नवं घर घ्यायचंय त्याने त्याच बिल्डरच्या जुन्या इमारतीखाली जाऊन बसावं, असं माझं ठाम मत आहे.

भाचसून परत येताना गप्प आहे. मग म्हणते, "मावशी, मला घर आवडलंय. खरंच आवडलंय. पण सतरावा नको. परवानगी आहे त्या मजल्यांतलं विचारू." अण्णा म्हणतात, "आणि सातबारा मी बघतो. गट नंबर कळला की फेरफार काढतो. मला ते कळतं." त्यांच्या आवाजात सकाळपासून नव्हता तो ठामपणा आहे. आज पैसे देण्यापलीकडचं काम त्यांच्या हाती लागलंय.

ऑफिसात मॅनेजर वाट बघतोय. भाचा उभ्यानेच बोलतो. आठव्या किंवा नवव्या मजल्यावरचं काय उपलब्ध आहे, करारनाम्याचा मसुदा, शीर्षक अहवाल, विकसन कराराची प्रत, मंजूर नकाशा आणि प्रकल्पावर कुठल्या बँकेचा बोजा असेल तर तिचं ना हरकत पत्र, सगळं ईमेलने पाठवा. आमचे वकील वाचतील. मग बोलू.

"सर, बँकेचा वकील बघतोच ना सगळं."

"तो बँकेसाठी बघतो," भाचा म्हणतो. हे मी त्याला सांगितलेलं नाही.

मॅनेजर दीड लाखाच्या सवलतीचं पुन्हा काढतो, रात्री आठपर्यंत मुदत वाढवून देतो. भाचा नमस्कार करतो. दारापर्यंत सोडायला ती मुलगी येते. आजूबाजूला कुणी नाही असं बघून म्हणते, "मॅम, मसुदा नक्की मागा. मागणाऱ्यांना देतात." तिच्यावरही रविवारचं टार्गेट आहे, तरी तिने हे सांगितलं. मी तिचा हात हातात घेते.

रस्त्यावरच्या टपरीवर चहा घेताना आम्ही पुढचं वाटून घेतो. अण्णा सातबारा आणि फेरफार. भाचसून सकाळी नऊला आणि संध्याकाळी सातला इथून खराडीचा रस्ता. भाचा दोन बँकांकडून पात्रतेचं पत्र, आणि दाखल्याची पडताळणी. मी वकील बघते. एक राहिलंच होतं, तेही सांगून टाकते: किंमत 50 लाखांच्या वर आहे, तेव्हा बिल्डरला द्यायच्या प्रत्येक हप्त्यातून 1 टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरायची जबाबदारी घेणाऱ्याची असते. 64 लाखांवर ते 64 हजार. ते वेळेवर भरले नाहीत तर व्याज आणि विलंब शुल्क खरेदीदारावर येतं. आणि घर एकट्या भाचसुनेच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे, म्हणजे तेवढेच 64 हजार वाचतात. दोघांच्या नावावर घेतलं तर ती मिळत नाही. भाचा लगेच म्हणतो, "हिच्याच नावावर घेऊ." अण्णा चहाचा ग्लास खाली ठेवतात आणि जावयाकडे बघतात. मी एवढंच सुचवते की कर्जात दोघं असणार आहेत, तेव्हा याबद्दल बँकेशी आणि वकिलाशी आधी बोला.

आठ लाखांची फट अजून तशीच आहे. खालच्या मजल्यावर फ्लोअर राइज, म्हणजे उंच मजल्याचा जादा भाव, नसल्याने किंमत थोडी उतरेल. तरीही पुरलं नाही तर वर्षभर थांबून पैसे साठवायचे, असं दोघं आपसात ठरवताहेत. थांबावं लागलं तर थांबावं; घरं संपत नाहीत.

तुमच्या घरात कुणी पहिलं घर बघत असेल तर त्यांच्याबरोबर जा आणि त्या दिवशी चेक देऊ देऊ नका. करारनाम्याचा नमुना मसुदा महारेराच्या पानावर फुकट असतो. तो आधी वाचा, न कळलेल्या ओळींखाली रेघा मारा आणि स्वतःच्या वकिलाकडे जा. त्यांची फी काही हजारांत असते.